एक सेकंद, की तीनशे त्रेपन्न?

जुलै 2011 मधली गोष्ट. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर एकाने कोडं टाकलं. जावा भाषेतला त्याचा प्रोग्राम अगदी साधा होता. दोन वेळा घ्यायच्या, एकीतून दुसरी वजा करायची आणि उत्तर सेकंदांत छापायचं. पहिली वेळ 31 डिसेंबर 1927 ची, रात्रीचे 11 वाजून 54 मिनिटं 7 सेकंद. दुसरी त्याच रात्रीची, 11 वाजून 54 मिनिटं 8 सेकंद. फरक एका सेकंदाचा, हे शाळकरी पोरही सांगेल. संगणक मात्र 353 सांगत होता. दोन्ही वेळा एकेक सेकंद पुढे सरकवल्या की उत्तर मुकाट्याने 1 येई. संगणकाचं घड्याळ शांघायच्या वेळेवर लावलेलं होतं, एवढाच काय तो धागा.

थोड्याच वेळात प्रोग्रामर जॉन स्कीट यांनी तो धागा ओढला. त्यांनी सांगितलं, की चूक प्रोग्रामची नाही आणि जावाचीही नाही. 1927 संपलं त्या मध्यरात्री शांघायची घड्याळं 5 मिनिटं 52 सेकंद मागे घेतल्याची नोंद होती. म्हणजे त्या रात्री 11 वाजून 54 मिनिटं 8 सेकंद ही वेळ शांघायमध्ये दोनदा आली. जावाने त्यांतली दुसरी धरली. मागे घेतलेले 352 सेकंद आणि खरा एक, मिळून 353.

उत्तर वाचून जगभरचे प्रोग्रामर खूश झाले. या प्रश्नोत्तराला हजारो मतं पडली आणि आजही संकेतस्थळावरच्या सर्वांत गाजलेल्या प्रश्नांत त्याची गणना होते. गंमत अशी, की त्या काळी तिथे प्रश्न बंद करण्याचं एक अधिकृत कारण होतं: ‘फारच स्थानिक’. प्रश्नाचा संबंध एखाद्या छोट्या भूभागापुरता, एखाद्या ठरावीक क्षणापुरता किंवा अगदी चिंचोळ्या परिस्थितीपुरता असेल, तर तो पुढे कुणाच्या उपयोगी पडायचा नाही, म्हणून बंद करावा असा तो नियम. आता शांघायचा प्रश्न या नियमापुढे उभा करा. भूभाग एका शहराचा, क्षण 84 वर्षांपूर्वीच्या एका रात्रीतला एक सेकंद, आणि परिस्थिती इतकी चिंचोळी की सेकंदभर इकडेतिकडे झालं तर अडचणच नाहीशी. नियमाच्या तिन्ही कलमांत तो चपखल बसत होता, आणि तरी त्याला हाकलणं म्हणजे करंटेपणा ठरला असता.

कारण प्रश्न दिसायला शांघायचा असला तरी उत्तर सगळ्यांचं होतं. घड्याळातली वेळ आणि प्रत्यक्ष सरलेला काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळत होतं. मुंबईकरांना तर हे परकं वाटू नये. 1 जानेवारी 1906 पासून भारतात ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली जुनी, 39 मिनिटं मागची वेळ सहजासहजी सोडली नाही. ती पुरती मावळायला 1955 उजाडलं. जगभरचे संगणक जुन्या वेळा ज्या सामाईक कोष्टकावरून काढतात, त्यात भारतासाठी ‘कोलकाता’ हा एकच विभाग आहे. मुंबईच्या त्या 39 मिनिटांना तिथे स्वतंत्र घर नाही. 1930 साली गिरगावात जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ नोंदवायची असेल तर ती कुठली वेळ, हे आधी माणसालाच विचारावं लागतं.

कुठला तांत्रिक प्रश्न जाहीरपणे विचारण्याजोगा आणि कुठला नाही, हे ठरवण्याचा खटाटोप प्रोग्रामर गेली चार दशकं करताहेत. विषयावरून प्रश्नांची वाटणी करू, असं प्रत्येक पिढीला सुरुवातीला वाटतं. मग लक्षात येतं, की विषयाने भागत नाही. या प्रश्नाचं उत्तर आलं तर ते बरोबर की चूक हे कोण आणि कसं तपासणार, यावर सगळं अडतं.

पाट्या लावण्याचे दिवस

वेबच्या कितीतरी आधी, 1979 मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे, तिथून तिसऱ्याकडे असा पसरत जाई. मजकूर विषयवार गटांत विभागलेला असे. गट वाढत गेले, गोंधळ वाढला, आणि 1987 मध्ये सगळ्या गटांची नावं नव्याने घालण्याचा मोठा उपद्व्याप झाला. संगणकाचं सगळं ‘कॉम्प’खाली, विज्ञानाचं ‘साय’खाली, छंदांचं ‘रेक’खाली आणि नुसत्या वादविवादाचं ‘टॉक’खाली. सी भाषेच्या गटाला नाव मिळालं ‘कॉम्प.लँग.सी’.

पाटी लावली म्हणजे काम झालं, असं कुणाला वाटलं असेल तर तो भ्रम लवकरच फिटला. एंटर न दाबता कीबोर्डवरचं एकच अक्षर प्रोग्रामने कसं वाचायचं, हा सी शिकणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न. प्रोग्राम सी भाषेतला, विचारणारा सी शिकणारा, मग गटही सीचाच हवा ना? गटातल्या जाणत्यांचं म्हणणं वेगळं होतं. सी भाषेच्या प्रमाणित व्याख्येत याची सोयच नाही. कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतो. डॉसवर एक उपाय, युनिक्सवर दुसरा. सीच्या गटात कुणी उत्तर दिलंच, तर ते बरोबर आहे का हे सांगायला तिथे डॉसचा जाणकार असेलच असं नाही. चुकीचं उत्तर तसंच राहील आणि पुढचे दहाजण ते उचलतील. तेव्हा, बाबा रे, तुझ्या सिस्टिमच्या गटात जा.

हे एकदा सांगून भागलं असतं तर ठीक होतं. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना यूजनेट खुलं होई आणि तेच प्रश्न पुन्हा सुरू होत. त्यावर तोडगा म्हणून ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ ही यादी रूढ झाली. आज बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जी ‘एफएक्यू’ची पाटी दिसते, ती या प्रथेची नात. सीच्या गटाची यादी स्टीव्ह समिट यांनी इतक्या निगुतीने सांभाळली, की 1995 मध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यात ‘सिस्टिमवर अवलंबून असलेल्या गोष्टी’ असं एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा पहिलाच प्रश्न म्हणजे आपलं हे एंटरविना अक्षर! हाकललेल्या प्रश्नाला शेवटी उंबऱ्यावर का होईना, जागा मिळाली.

1993 मध्ये मात्र घरगुती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपले ग्राहक यूजनेटवर आणायला सुरुवात केली. नवख्यांची लाट वर्षातून एकदा यायची, ती आता रोजच येऊ लागली. जुन्या मंडळींनी कपाळावर हात मारून या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असं नाव दिलं.

‘चालत नाहीये’

1999 मध्ये सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने एक लेख लिहिला. टॅथम म्हणजे ‘पुटी’ या लाखो लोकांनी वापरलेल्या मोफत प्रोग्रामचे कर्ते, त्यामुळे तक्रारींचा अनुभव दांडगा. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की ‘चालत नाही’ या तक्रारीतून काहीच हाती लागत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सांगा. शक्य असेल तर प्रोग्रामरच्या डोळ्यांसमोर तो बिघाड पुन्हा घडवून दाखवा. दोन वर्षांनी एरिक रेमंड या प्रोग्रामरने शहाण्यासारखा प्रश्न कसा विचारावा यावर निबंध लिहिला. त्याचा सूर जरा मास्तरकी होता, पण पुढची कित्येक वर्षं नवख्यांच्या हातात तोच ठेवला गेला.

गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी आवाज करतेय’ एवढंच म्हटलं तर मेकॅनिकही विचारतोच: कसला आवाज, ब्रेक मारल्यावर की क्लच सोडल्यावर, गार असताना की तापल्यावर? प्रोग्रामिंगमध्ये एक मोठी सोय आहे. गाडी टपालाने पाठवता येत नाही, बिघडलेला प्रोग्राम पाठवता येतो. मात्र तो आटोपशीर हवा.

आटोपशीर म्हणजे कसा, याचा नमुना जून 2012 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर आला. विचारणाऱ्याने 32,768 यादृच्छिक संख्यांची एक रांग केली, त्यांतल्या 128 किंवा त्याहून मोठ्या संख्यांची बेरीज केली आणि वेळ मोजता यावा म्हणून हे काम लाखभर वेळा करवलं. सी++ मध्ये त्याला 11.54 सेकंद लागले. मग बेरजेआधी त्याने रांग चढत्या क्रमाने लावून घेतली. तीच बेरीज 1.93 सेकंदांत! संख्या त्याच, काम तेवढंच, मग वेग सहापट कसा? प्रोग्राम जेमतेम पानभर, कुणीही आपल्या संगणकावर चालवून पाहावा असा. आकडे समोर. तर्काला जागा होती, पण प्रत्येक तर्क तिथल्या तिथे पारखता येत होता.

उत्तर देणाऱ्याने आगगाडीचा दाखला दिला. तारायंत्र, टेलिफोन काही नाही अशा काळातला सांधेवाला डोळ्यांसमोर आणा. गाडी येताना ऐकू येतेय, पण ती डावीकडे जायची की उजवीकडे, हे त्याला ठाऊक नाही. प्रत्येक गाडी थांबवून ड्रायव्हरला विचारावं तर वेळ जातो. म्हणून तो अंदाजाने सांधा लावून ठेवतो. अंदाज बरोबर ठरला तर गाडी न थांबता सुसाट जाते, चुकला तर थांबायचं, मागे यायचं, सांधा बदलायचा. संगणकाचा प्रोसेसर ‘128 पेक्षा मोठी की लहान’ या प्रत्येक फाट्यावर असाच अंदाज बांधतो. क्रमाने लावलेल्या रांगेत आधी सगळ्या लहान, मग सगळ्या मोठ्या, त्यामुळे अंदाज जवळपास कधीच चुकत नाही. विस्कटलेल्या रांगेत तो निम्म्या वेळा फसतो. प्रोसेसरच्या पोटातली ही युक्ती अभ्यासक्रमात असतेच, पण हजारो प्रोग्रामरांना ती पहिल्यांदा समजली ती या सांधेवाल्यामुळे.

एका घराची अनेक घरं

स्टॅक ओव्हरफ्लो सर्वांसाठी खुलं झालं ते 15 सप्टेंबर 2008 रोजी. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पॉल्स्की या दोन प्रोग्रामर-लेखकांनी ते काढलं, आणि नावही अ‍ॅटवुड यांच्या वाचकांच्या मतदानातून ठरलं. रचना सुटसुटीत होती. वर एक प्रश्न, खाली उत्तरं, ज्याला मतं जास्त ते वर. इकडच्या तिकडच्या गप्पांना थारा नाही. वर्षभरात दिसून आलं, की प्रोग्रामरांना प्रोग्रामिंगखेरीज बरंच काही विचारायचं असतं. 2009 मध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी ‘सर्व्हर फॉल्ट’ आणि घरच्या संगणकाशी झटापट करणाऱ्यांसाठी ‘सुपर यूजर’ अशी दोन भावंडं जन्मली. कोडमधून डेटाबेसशी जोडणी होत नसेल तर पहिल्या घरी जा. कार्यालयातला सर्व्हर भार पेलत नसेल तर दुसऱ्या. लॅपटॉपला वायफाय सापडत नसेल तर तिसऱ्या.

या वाटणीतली सर्वांत स्वच्छ रेघ कोड तपासून देणाऱ्या ‘कोड रिव्ह्यू’ या साइटने आखली. तिथे चालणारा कोडच घेऊन यायचा. काम नीट होतंय, पण अजून नेटकं कसं करता येईल, असं विचारायचं असेल तर हे दार. कोड चालतच नसेल तर मागे फिरा. विषय तोच, भाषा तीच, कदाचित ओळी न् ओळी त्याच, पण एका ठिकाणी ‘चालला’ ही उत्तराची कसोटी, तर दुसऱ्या ठिकाणी अनुभवी डोळ्याला काय खुपतं ही.

सीमेवरची प्रकरणं तरीही सुटली नाहीत. ‘विम’ हा मजकूर संपादक जुन्याजाणत्या प्रोग्रामरांचा लाडका, पण त्यात न शिकता शिरलेला माणूस चक्रव्यूहातला अभिमन्यू होतो. शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. ऑगस्ट 2012 मध्ये कुणीतरी विचारलंच: विममधून बाहेर कसं पडायचं? यात प्रोग्रामिंग ते काय? एस्केप, मग कोलन, क्यू आणि एंटर, बस्स. पण साइटचा नियम प्रोग्रामरांच्या नेहमीच्या हत्यारांविषयीचे प्रश्न घेत होता. प्रश्न टिकला. मे 2017 मध्ये कंपनीने हसत हसत जाहीर केलं, की तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेलाय आणि संकेतस्थळावरच्या प्रश्नांना मिळणाऱ्या दर वीस हजार भेटींपैकी एक भेट त्याच्या वाट्याला येते. दहा लाख अभिमन्यू!

गोरिला विरुद्ध शार्क

विममधून बाहेर पडण्याचं उत्तर बरोबर की चूक, हे दोन सेकंदांत कळतं. ‘सर्वांत चांगली प्रोग्रामिंग भाषा कुठली?’ याचं काय करायचं?

सुरुवातीच्या दिवसांत असे प्रश्न रमतगमत चालत. प्रोग्रामरांवरचं तुमचं आवडतं व्यंगचित्र कुठलं, असा एक प्रश्न 2008 मध्येच आला आणि तुफान चालला. उत्तरं शेकड्यांनी, मतं हजारांनी. अडचण एवढीच होती, की त्यातलं कुठलंच उत्तर बरोबर नव्हतं आणि कुठलंच चूक नव्हतं. मतांची व्यवस्था खरं उत्तर वर आणण्यासाठी होती. इथे ती लोकप्रियतेचा तक्ता बनली. अशा प्रश्नांसाठी 2010 मध्ये वेगळं घर बांधण्याचा प्रस्ताव आला, त्याचं पहिलं नावच ‘प्रोग्रामिंगशी संबंध नसलेलं’ असं होतं. पुढे ते ‘प्रोग्रामर्स’ झालं आणि 2016 मध्ये ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. नावं बदलत गेली तशी तिथली शिस्तही वाढत गेली. गप्पांसाठी बांधलेली ओसरी हळूहळू कचेरी झाली.

2011 मध्ये अ‍ॅटवुड यांनी तुलनेच्या प्रश्नांना एक झकास नाव दिलं: गोरिला विरुद्ध शार्क. दोघांची झुंज लावली तर कोण जिंकेल? पोरं यावर तासन् तास भांडतील. पण झुंज पाण्यात की जमिनीवर, हे ठरल्याशिवाय त्या भांडणाला अर्थ नाही, आणि ठरलं की भांडणच उरत नाही. जावा चांगली की पायथन, हा प्रश्न याच जातीचा. अमुक एवढी मेमरी, तमुक एवढा डेटा, इतक्या वेळात काम व्हायला हवं, असं सांगितलं की तो जमिनीवर येतो आणि मोजून उत्तर देता येतं.

म्हणजे मताला मज्जावच होता, असंही नाही. आदल्याच वर्षी साइटच्या चालकांनी चांगला मतप्रश्न आणि वाईट मतप्रश्न यांत फरक करून दाखवला होता. ज्यातून लोक ‘का’ आणि ‘कसं’ समजावतात, स्वतः केलेल्या कामाचा दाखला देतात, तो चांगला. ज्यावर ‘मलापण’ म्हणून एक ओळ खरडता येते, तो वाईट.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, हा प्रश्न वेगळ्याच कारणाने बाद झाला. आज दिलेलं उत्तर दोन वर्षांत शिळं होतं आणि जाहिरात करणारे तिथे गुळाला मुंगळे लागावेत तसे जमतात. त्यासाठी 2014 मध्ये आणखी एक साइट निघाली. तिथे गरज काय, बजेट किती, सिस्टिम कुठली, हे सगळं लिहिल्याशिवाय प्रश्न उभाच राहत नाही.

एकाच प्रश्नाची हजार रूपं

दशांश एक अधिक दशांश दोन किती? बहुतेक प्रोग्रामिंग भाषा सांगतात, 0.30000000000000004. पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येकजण समजतो, की आपल्याला भाषेतला बग सापडला. एकाला दुकानाच्या बिलात न जुळणारा कणभर फरक दिसतो. दुसऱ्याची ‘बरोबर 0.3 झालं की थांब’ अशी सूचना कधी पाळलीच जात नाही. तिसऱ्याचा आलेख शेवटी एक पायरी जास्त चढतो. भाषा वेगळ्या, धंदे वेगळे, पण मूळ एकच. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलं तर 0.333 करत जन्म सरेल, पण संपणार नाही. संगणक दोनाच्या घातांत मोजतो, त्यामुळे त्याच्यासाठी एक दशांशाची तीच गत होते. कुठेतरी तोडावं लागतं आणि तोडलेला तुकडा बेरजेत डोकं वर काढतो.

अशा प्रश्नांना विषयाबाहेरचं म्हणता येत नाही. ते अस्सल प्रोग्रामिंगचे आहेत. तरी नवा आला की तो ‘पुनरुक्ती’ म्हणून बंद करून जुन्या, सविस्तर उत्तराकडे जोडून देतात. बंद झालेला प्रश्न पुसायचा नाही, कारण बिलाच्या फरकाने गांजलेला माणूस उद्या ‘बिल’ हाच शब्द टाकून शोधणार आहे. त्याला वाट दाखवायला ती पाटी तिथे हवी.

काही प्रश्नांचं मूळ विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची, असं एकजण विचारतो. तीन लोक तीन उपाय देतात, तिन्ही बरोबर. मग कुणीतरी सावकाश विचारतं, की बाबा, तुला ती कशाला हवीत? त्याला फाइल कुठल्या प्रकारची आहे ते ओळखायचं असतं, आणि ते शेपूट कधी चार अक्षरांचंही असतं. हवं होतं एक, विचारलं भलतंच. प्रोग्रामर याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात.

आता एक घरचं उदाहरण. समजा, मराठी शब्दकोड्यांचं ॲप बनवणारी एक प्रोग्रामर आहे. तिच्या ॲपमध्ये चौकोनांची संख्या चुकतेय. ‘माझं ॲप मराठीत नीट चालत नाही’ असं ती लिहू शकते, किंवा ॲपचा दहा हजार ओळींचा कोड डकवू शकते. दोन्हींचं उत्तर मिळणार नाही. पण ती कापत जाते. रंग काढते, बटणं काढते, गुण मोजणं काढते. शेवटी उरतो एक शब्द आणि एक ओळ: ‘मराठी’ या शब्दाची लांबी छाप. पायथन म्हणतं 5. गो भाषा म्हणते 15. स्विफ्ट म्हणते 3.

इथवर आली, की निम्मं उत्तर तिच्या हातात असतं. युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच सुटे संकेत आहेत, ते पायथन मोजतं. यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, ते गो मोजते. आणि म, रा, ठी अशी वाचकाला दिसणारी तीन अक्षरं स्विफ्ट मोजते. हाच शब्द पायथनने उलटा केला तर सुरुवातीला निराधार लोंबकळणारी वेलांटी आणि मागे ‘ठारम’ असं कडबोळं मिळतं. जोडाक्षरांची कथा तर आणखी पुढची. ‘नमस्ते’तला पाय मोडका स आणि ते हे दोन घटक धरायचे की एक? युनिकोडचा नियम आधी दोन म्हणत होता. 2023 च्या 15.1 आवृत्तीपासून देवनागरीत तो एक म्हणू लागला. ॲपचा प्रश्न तिच्या एकटीचा होता. ‘मराठी’ची लांबी हा हिंदी, नेपाळी, कोकणी लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरचा प्रश्न आहे.

दारावरची माणसं

स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न बंद करण्याचा अधिकार 3,000 गुण कमावलेल्या सभासदांना असे. सुरुवातीला पाचजणांची मतं लागत, 2019 मध्ये ती तीनवर आली. ही सगळी फुकट राबणारी माणसं. दिवसातला शंभरावा ‘कृपया माझा गृहपाठ करून द्या’ वाचल्यावर त्यांचा सूर चढे. पहिलाच प्रश्न विचारायला धीर गोळा करून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो शंभरावा नसे, आयुष्यातला पहिला असे. एप्रिल 2018 मध्ये कंपनीने जाहीर कबुली दिली, की नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर अनेकांना ही जागा आपुलकीची वाटत नाही. नव्या प्रश्नांच्या पानावर सूचना आल्या, बंद करण्याच्या कारणांची भाषा मऊ झाली. ‘हा खरा प्रश्नच नाही’ असं पूर्वीचं एक कारण होतं. त्याच्या जागी अखेर ‘तपशील किंवा स्पष्टता हवी’ असे शब्द आले.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी आलं आणि दारच उघडं पडलं. प्रश्न स्थानिक आहे की पुनरुक्ती, याची चौकशी न करता ते लगेच उत्तर देत होतं, न चिडता. पाचच दिवसांत, 5 डिसेंबरला, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली. कारण जुनंच होतं. उत्तरं वाचायला सफाईदार होती, चुकण्याचं प्रमाण मोठं होतं आणि एकेक तपासायला लागणारी माणसं तेवढीच होती. विचारणारे मात्र तिकडे वळले. पुढच्या दोन-तीन वर्षांत नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने उतरली. गृहपाठ, विसरलेला कंस, वाचायचा राहून गेलेला एररचा संदेश, हे सगळं आता दाराशी येतच नाही.

‘फारच स्थानिक’ हे कारण त्याआधीच, 2013 मध्ये, नियमांतून काढून टाकलं होतं. त्याच वर्षी शांघायचंही पारडं हललं. वेळांच्या त्या सामाईक कोष्टकाच्या 2013 च्या पहिल्या आवृत्तीत जुन्या नोंदी सुधारल्या गेल्या आणि तिथे घड्याळ किती मागे गेलं हा आकडा पाच सेकंदांनी बदलला. स्कीट यांनी आपल्या उत्तराखाली टीप जोडली, की आता 353 ऐवजी 358 येईल आणि त्यासाठी वेळाही थोड्या वेगळ्या घ्याव्या लागतील. पुढच्या वर्षी इतिहास पुन्हा बदलला. शांघायची घड्याळं 1927 मध्ये नव्हे, तर 1900 च्या शेवटच्या रात्रीच मागे गेली होती आणि तीही 343 सेकंदांनी, अशी नोंद झाली. आणखी एक टीप. तेव्हापासून ताजं कोष्टक असलेल्या संगणकावर तो मूळ प्रोग्राम चालवला, तर 31 डिसेंबर 1927 च्या रात्रीचा फरक निमूटपणे 1 येतो. प्रश्न अजून तिथेच आहे, उघडा.